कावळा चार हातांवर का थांबतो

दहाव्याला घाटावर पिंड मांडला जातो, मंडळी मागे सरतात आणि सगळ्यांची नजर समोरच्या झाडाकडे लागते. कावळा शिवला की सुटकेचा श्वास. नाही शिवला की कुजबुज सुरू होते: कशात जीव अडकला असेल? मग घरातला कर्ता पुढे होऊन हात जोडतो, "धाकटीचं शिक्षण आम्ही पूर्ण करू, काळजी करू नका." तरीही कावळा येत नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. विधी पुरा होतो, पण आपल्याकडून काहीतरी राहिलं हा सल घरातली माणसं पुढे वर्षानुवर्षं बाळगतात. त्या सलावर उतारा आहे, आणि तो कावळ्याच्या स्वभावात आहे.

कावळा भुकेला असला तरी अनोळखी वस्तूजवळचं अन्न लगेच खात नाही. नव्या वस्तूची ही धास्ती कावळ्याच्या कुळात चांगलीच पक्की आहे. २०२२ मध्ये जगभरातल्या १० प्रयोगशाळांनी मिळून या कुळातल्या १० जातींच्या २४१ पक्ष्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. रोजचं ओळखीचं खाणं आधी नुसतं ठेवलं, मग त्याच्या शेजारी एखादी नवी वस्तू किंवा नवा पदार्थ ठेवला. पक्षी त्या ओळखीच्या खाण्याला पहिला स्पर्श कधी करतो, तो वेळ मोजला. घाटावर आपण नेमकं हेच करतो, फक्त उत्तराचा अर्थ वेगळा लावतो. शहरी वस्तीत वावरणाऱ्या आणि मोठ्या थव्याने राहणाऱ्या जातींना नव्या वस्तूची धास्ती कमी, असंही त्यात दिसलं. आपला करड्या मानेचा गावकावळा दोन्ही बाबतींत बसतो. शेतावर जोडीने फिरणारा काळाभोर डोमकावळा मात्र जास्त वेळ घेणार, हे धरून चालावं.

पण मग तो पूर्ण पळून का जात नाही? चार हातांवर येऊन का घुटमळतो? याचं उत्तर मला फार सुंदर वाटतं. नील मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९४४ मध्ये मांडलं, की एकाच जागेची ओढ आणि भीती असेल तर जवळ जाताना दोन्ही वाढतात, पण भीती कितीतरी वेगाने वाढते. जडसन ब्राउनने १९४८ मध्ये उंदरांच्या अंगाला पट्टा बांधून ते किती जोर लावतात हे मोजलं. अन्नाकडे जाण्याचा जोर लांबून सुमारे ४० ग्रॅम होता, जवळून ५५ च्या आसपास. ज्या टोकाला विजेचा धक्का बसला होता तिथून दूर पळण्याचा जोर मात्र लांबून जवळजवळ शून्य आणि जवळून सुमारे २०० ग्रॅम. या दोन रेघा कागदावर काढल्या तर एका ठिकाणी एकमेकींना छेदतात. छेदबिंदूच्या बाहेर ओढ जिंकते, आत भीती. म्हणून प्राणी त्या बिंदूवर येऊन अडकतो, पुढे जातो, मागे येतो. कावळ्याचे ते चार हात म्हणजे हाच बिंदू.

यातून एक गोष्ट लगेच निघते. ओढ वाढवली तर छेदबिंदू थोडा आत सरकतो खरा, पण तिथे भीतीही जास्त असते, त्यामुळे पक्षी आणखी बिथरतो. भीतीची रेघ खाली आणणं जास्त कामाचं. आपण नेमकं उलटं करतो. कावळा येईना म्हणून पिंडाशेजारी जिलबी, वडे, गेलेल्या माणसाचा आवडता चहा असं एकेक आणून ठेवतो. दर वेळी माणूस पिंडाशी जातो आणि दर वेळी तिथे एक नवी वस्तू वाढते. चकचकीत तांब्या, हळद-कुंकू, फुलं, उदबत्तीचा धूर, सगळ्याची गणती कावळा धोक्यात करतो. व्हिडिओसाठी मोबाइल धरून उचललेला हात त्याला दगड मारणाऱ्या हातासारखा दिसतो. माणूस आपल्याकडेच बघतोय का, हेही तो बघतो, आणि घाटावर तर वीस जण टक लावून बसलेले असतात.

म्हणून सरळ उपाय: पिंड मोकळ्या, चहूबाजूंनी दिसणाऱ्या जागी ठेवावा, कठड्यावर जिथे कावळे एरवी खातात तिथे ठेवला तर उत्तम. आसपासची भांडी उचलावीत. मंडळींनी निदान पंधरा-वीस पावलं मागे जाऊन खाली बसावं, नजर दुसरीकडे ठेवावी. पिंडापासून काही पावलांवर पोळीचे दोन-चार तुकडे टाकावेत. तिथे एक कावळा निर्धास्त खाताना दिसला की बाकीचे उतरतात. तो आधी तिरका तिरका उड्या मारत येईल, एक टोच मारून पंख अर्धवट उघडून मागे उडी घेईल, आणि दुसऱ्या फेरीला भाताचं शीत उचलेल. नाशिकच्या रामकुंडावर किंवा पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या कावळ्यांना हे सगळं रोजचंच आहे. सोसायटीच्या गच्चीवरच्या कावळ्यांना नाही. शिवाय ऊन चढेपर्यंत कावळ्यांची सकाळची पोटपूजा झालेली असते, आणि पितृपक्षात तर घरोघरी घास ठेवलेले असतात.

मग वचन दिल्यावर कावळा शिवला, असं इतक्यांना का आठवतं? मानसशास्त्रज्ञ स्किनरने १९४८ मध्ये भुकेल्या कबुतरांना ती काय करतात याकडे न बघता दर १५ सेकंदांनी दाणे दिले. आठपैकी सहा कबुतरांना काहीतरी ठरावीक हालचाल जडली, कुणी गोल फिरे, कुणी मान हलवी. दाणे यायच्या वेळी जे चालू होतं, ते पक्कं झालं. घाटावर एकामागून एक वचनं दिली जातात, तेवढ्यात माणसं दमून खाली बसतात, गलका थांबतो, आणि कावळा उतरतो. त्याच्या आधीचं शेवटचं वचन 'ती इच्छा' ठरते.

व्हॉट्सअ‍ॅपवर दरवर्षी फिरणारा मजकूरही इथेच निकालात काढू: वड-पिंपळाचं बी कावळ्याच्याच पोटातून गेल्यावर रुजतं, म्हणून पूर्वजांनी ही प्रथा 'वैज्ञानिक' केली. साळुंकी, बुलबुल, तांबट, धनेश, वटवाघळं सगळेच ती फळं खातात आणि बी पसरवतात. प्रथेला असा खोटा टेकू देण्याची गरज नाही.

कारण खुणेतून मिळणारा धीर खोटा नाही. वेल्समधले डॉक्टर डेवी रीस यांनी १९७१ मध्ये २९३ विधवा-विधुरांची पाहणी प्रसिद्ध केली. जवळजवळ निम्म्यांना गेलेला जोडीदार जवळ असल्याचं जाणवलं होतं, काहींना तो दिसला होता, काहींना आवाज आला होता. बहुतेकांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. असा अनुभव आलेल्यांपैकी दोन-तृतीयांशांहून जास्त जणांना त्याचा आधार वाटला. चाळीस वर्षं संध्याकाळी सहाला कडी वाजत असेल, तर मेंदू सहाला कडीची वाट बघतो, आणि वाऱ्याने वाजलेल्या दारात ती ऐकतो. हे वेड नव्हे, सवयीच्या मेंदूचं काम आहे. आणि धाकटीच्या शिक्षणाचं वचन सगळ्या भावकीसमोर मोठ्याने बोललं गेलं, ते कावळा आला न आला तरी दिलेलंच आहे.

दर्भाचा कावळा लावून मंडळी उठतात, चपला घालतात, गाड्या सुरू होतात. पिंड तिथेच राहिला असेल तर जाताना एकदा मागे वळून बघावं. माणसं पायऱ्या चढून गेली की भीतीची रेघ जमिनीला टेकते. पहिला कावळा उतरतो, मग दुसरा, आणि थोड्याच वेळात केळीच्या पानावर फक्त तीळ उरतात.