पार्श्वभूमी : कोल्हापुरातल्या गल्लीच्या बालवाड्या आणि महापालिकेचा पैसा

महिला मंडळाची किंवा तालीम मंडळाची बालवाडी महापालिकेकडे अनुदानाचा अर्ज करते तेव्हा लेखा विभागाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हा खर्च कोणत्या लेखाशीर्षावर, म्हणजे अंदाजपत्रकातल्या कोणत्या खात्यावर, टाकायचा? हा प्रश्न कारकुनाच्या हट्टातून आलेला नाही. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी बालवाडी चालवणे किंवा पोसणे महापालिकेवर कायद्याने बंधनकारक झालेच नाही. म्हणून संस्थांना मिळाली ती मुख्यतः जागा. रोख पैसा आला तो थोडा, उशिरा आणि पुढच्या वर्षीची हमी न देता.

शिक्षणाच्या सक्तीत कोल्हापूर देशातल्या बहुतेक भागांच्या पुढे होते. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. पण ही सक्ती शाळेच्या वयाची होती. त्याआधीचे मूल घरच्यांनी सांभाळायचे, हे गृहीत होते. त्या वयाचा विचार महाराष्ट्रात रुजवला तो ताराबाई मोडक यांनी. १९२६मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासोबत नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला, १९४५पासून आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने कोसबाडला काम झाले. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, ही ती कल्पना. 'अंगणवाडी' हा शब्दही तिथलाच. अशा शाळेला मोठी इमारत लागत नाही. एक खोली, एक ताई, एक मदतनीस, पाण्याची सोय आणि मुलांना पेलेल असे स्वच्छतागृह एवढे पुरते. कोल्हापूरच्या पेठांना हे साजेसे होते, कारण तालमीत व्यायाम चालतो तो पहाटे आणि सांजेला. दुपारपर्यंतचा हॉल मोकळाच असतो.

संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. महापालिकांचा कायदाही १९४९चाच. १८५४पासूनच्या नगरपालिकेची १५ डिसेंबर १९७२ रोजी महापालिका झाली आणि शहराला तो कायदा लागू झाला. या कायद्याची दोन कलमे नीट समजून घेतली तर पुढचे बरेच उलगडते. कलम ६३मध्ये महापालिकेची बंधनकारक कामे आहेत, त्यांत प्राथमिक शिक्षण येते. कलम ६६मध्ये ऐच्छिक कामे आहेत. बालवाडीवरचा खर्च या दुसऱ्या कलमातून करायचा, म्हणजे पैसे उरले तर आणि सभागृहाच्या मनात आले तर. २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला, सहाखालच्यांना राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत ठेवले. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम ११ही तीन ते सहा वयोगटासाठी सरकार व्यवस्था 'करू शकेल' एवढेच म्हणते. त्या 'शकेल'वर कुणाच्या पगाराची तरतूद होत नाही.

पैसा आला तो दिल्लीहून, योजनांच्या वाटेने. १९५३मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या नेतृत्वाखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि स्वयंसेवी संस्थांना अनुदानाची रीत पडली. २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास योजना आली. तिची अंगणवाडी सरकारी. मंडळाच्या बालवाडीला त्यातून काही मिळत नाही. संस्थांच्या वाट्याला आली ती पाळणाघर योजना. २००६मध्ये तिला राजीव गांधींचे नाव मिळाले. तिचा तेव्हाचा हिशेब उलगडून पाहण्यासारखा आहे. एका पाळणाघरात २५ मुले. दोन सेविकांचे मिळून मानधन महिन्याला २,००० रुपये. खाऊ दर मुलामागे रोज २ रुपये ८ पैसे, म्हणजे २६ दिवसांचे १,३५२ रुपये. औषधे आणि किरकोळ खर्च ३५० रुपये. एकूण ३,७०२. मानधन पूर्ण मिळे, बाकीच्या रकमेचे ९० टक्के. म्हणून अनुदान महिन्याला सुमारे ३,५३२ आणि वर्षाला ४२,३८४ रुपये. यात भाड्याची वेगळी बाबच नव्हती. शहरात खोलीचे भाडे द्यावे लागले की हिशेब पहिल्याच महिन्यात तुटे. २०१७मध्ये योजना केंद्र, राज्य आणि संस्था यांच्यात ६०:३०:१० अशी वाटली गेली, तेव्हाही दहा टक्के संस्थेच्या गळ्यातच राहिले.

कामगार कायद्यांतली पाळणाघराची अट इथल्या आयांना फारशी उपयोगी पडत नाही. नोव्हेंबर २०२५मध्ये नव्या कामगार संहिता येईपर्यंत कारखाने अधिनियमाची अट तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तिथे लागू होती. उद्यमनगरातल्या लहान वर्कशॉपमध्ये किंवा घरोघरी धुणेभांडी करणाऱ्यांच्या बाबतीत तो आकडा कधी भरायचा?

म्हणून महापालिकेचा खरा आधार तीन रूपांत आला. पहिले, खोली : पटसंख्या घटलेल्या महापालिका शाळेतला रिकामा वर्ग किंवा समाजमंदिर, नाममात्र भाड्याने. दुसरे, करमाफी : कलम १३२नुसार केवळ सार्वजनिक धर्मादाय कामासाठी वापरलेल्या इमारतीला सर्वसाधारण कर लागत नाही. मात्र पाण्याचे बिल माफ होत नाही, आणि तळमजल्यावर दुकानगाळा भाड्याने दिला तर तेवढ्या भागाची माफी धोक्यात येते. तिसरे, नगरसेवकाचा निधी. त्यातून फरशी, रंग, दारे-खिडक्या, नळजोडणी होते. ताईचे मानधन होत नाही, कारण तो निधी कामांसाठी आहे आणि मानधन दरमहाचे. नवी फरशी झालेल्या पण ताई टिकत नसलेल्या बालवाड्या दिसतात, त्याचे मूळ इथे आहे.

महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के तरतूद राखून ठेवायची, हा राज्याचा दंडक यावरचा उपाय ठरू शकला असता. व्यवहारात शिलाई यंत्रे, प्रशिक्षण वर्ग, मेळावे यांवर हा पैसा लवकर खर्ची पडतो, कारण तो खर्च एकदाच होतो आणि मार्चअखेर दाखवता येतो. बालवाडीचे मानधन एकदा दिले की दरवर्षी द्यावे लागते, म्हणून टिप्पणीवर 'आवर्ती खर्च' असा शेरा पडतो. या पाच टक्क्यांतला ठरावीक वाटा मानधनाला बांधून दिल्याखेरीज चित्र बदलणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्यात महापालिकेचे स्वतःचे उत्पन्न आटले. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली. १ ऑगस्ट २०१५पासून ५० कोटींखालच्या उलाढालीवर तीही बंद झाली. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि शहर राज्याच्या भरपाईवर आले. पैसा कमी पडला की कात्री आधी ऐच्छिक खर्चाला लागते. नोव्हेंबर २०२०मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक आले. निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६मध्ये. या पाच वर्षांत महिला व बालकल्याण समितीच नव्हती. मंडळांना ज्यांच्या दारात जाऊन पाठपुरावा करायची सवय होती, ती माणसेच नव्हती.

अर्ज अडतात ते मात्र बहुधा कागदांवर. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट या चार विभागीय कार्यालयांपैकी आपल्या कार्यालयात अर्ज द्यायचा. खोलीचा विषय इस्टेट (मिळकत) विभागाकडे जातो, पैशाचा महिला व बालकल्याण विभागाकडे. दोन्ही एकाच अर्जात लिहिले की फाईल दोन टेबलांमध्ये फिरत राहते. अर्ज वेगळे करावेत. सर्वांत मोठा अडथळा धर्मादाय कार्यालयातला, म्हणजे संस्थांची नोंदणी ठेवणाऱ्या कार्यालयातला, बदल अर्ज. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत तो द्यायचा असतो. मंडळे निवडणूक घेतात, अर्ज विसरतात. मग परिशिष्ट १वर, म्हणजे संस्थेच्या नोंदणी उताऱ्यावर, दिवंगत अध्यक्षांचे नाव आणि बँकेत दुसऱ्याच सह्या. धनादेश येऊनही वटत नाही. दुसरी अडचण ऑडिटची : ३१ मार्चचे हिशेब सप्टेंबरअखेर तपासून झाले नाहीत तर आधीच्या रकमेचे विनियोग प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) बनत नाही, आणि ते नसेल तर पुढचा हप्ता नाही. बालवाडी जूनमध्ये सुरू होते, पैसा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. मधले आठ-नऊ महिने ताई उधारीवर काम करते. तिने सोडले की मुले विखुरतात, हजेरीपट मोकळा पडतो, आणि तोच मोकळा हजेरीपट पुढच्या वर्षी अनुदान नाकारायचे कारण होतो.

पंचगंगेचा पूरही यात मोजावा लागतो. २००५, २०१९ आणि २०२१ला सखल गल्ल्यांत पाणी शिरले. सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली अशा भागांत पावती पुस्तके खालच्या कपाटात ठेवणे म्हणजे दोन वर्षांचे विनियोग प्रमाणपत्र पाण्यात घालणे. व्हाउचर, हजेरीपट आणि ठराव पुस्तकाच्या प्रती वरच्या मजल्यावर, दुसऱ्या घरी ठेवाव्यात.

आता प्रश्न खोल्यांचाच आहे. २०१९च्या नियमांनी महापालिकेच्या मिळकतींचे भाडे बाजारमूल्याशी जोडले. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा वयोगट पायाभूत टप्प्यात घेतला, त्यामुळे रिकामे वर्ग महापालिकेला स्वतःच्या पूर्वप्राथमिक वर्गांसाठीही हवे असणार. ज्या मंडळांकडे खोली केवळ तोंडी परवानगीवर आहे, त्यांना उठवायला एक नोटीस पुरेल. मूळ वाटपाचा ठराव क्रमांक आणि तारीख, भाड्याच्या पावत्या, मीटरचे बिल आणि गेल्या तीन वर्षांचे हजेरीपट एका फाईलमध्ये लावून, मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याआधी इस्टेट विभागात द्यावा आणि आवक क्रमांकाची पोच त्याच दिवशी हातात घ्यावी.