मत टाकणं सुधारलं, मोजणं अडून राहिलं

इंग्लंडमध्ये १८७२ पर्यंत मतदार चारचौघांत उभा राहून उमेदवाराचं नाव मोठ्याने सांगायचा. कारकून ते वहीत टिपून घ्यायचा आणि अनेक ठिकाणी या वह्या छापून विकल्याही जात. कोणत्या कुळाने आपल्या माणसाला मत दिलं नाही, हे जमीनदाराला वेगळं शोधावं लागत नसे. कामगारांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या चार्टिस्ट चळवळीने १८३८ मध्येच गुप्त मतदान मागितलं होतं. पण आधी बाजी मारली ती ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींनी. १८५६ मध्ये व्हिक्टोरिया, टास्मानिया आणि साउथ ऑस्ट्रेलियाने तसे कायदे केले. खरी करामत सरकारी मतपत्रिकेत होती: सगळे उमेदवार एकाच कागदावर. अमेरिकेत तोवर पक्षच आपापल्या रंगीत चिठ्ठ्या छापायचे, त्यामुळे पेटीत काय पडतंय ते लांबूनच दिसायचं. १८८८ पासून तिथेही 'ऑस्ट्रेलियन मतपत्रिका' पसरू लागली.

ब्रिटनने १८७२ मध्ये गुप्त मतदान स्वीकारलं आणि तशी पहिली पोटनिवडणूक पाँटफ्रॅक्ट या गावी झाली.

मत टाकण्याची रीत अशी पन्नासेक वर्षांत बरीच बदलली. मोजण्याचा घोळ मात्र त्याहून जुना. सर्वांत जास्त मतं ज्याला, तो विजयी, हा नियम दोनच उमेदवार असले तर बिनतक्रार चालतो. तिसरा आला की बिघडतो. फ्रान्समध्ये गणितज्ञ बोर्दाने १७७० मध्ये हे दाखवून पसंतीक्रमाला गुण देण्याची पद्धत सुचवली. १७८५ मध्ये दुसरा फ्रेंच गणितज्ञ काँदोर्से याने त्याहून अवघड पेच मांडला. एका मतदाराचा क्रम अ-ब-क, दुसऱ्याचा ब-क-अ, तिसऱ्याचा क-अ-ब. आता दोघादोघांची तुलना केली तर दोन विरुद्ध एक मतांनी अ हा ब ला हरवतो, ब हा क ला, आणि क पुन्हा अ ला! १९५१ मध्ये अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरोने तर सिद्धच केलं की तीन किंवा अधिक पर्याय असले की पसंतीक्रमांवर चालणारी कोणतीही पद्धत न्यायाच्या काही साध्या अटी एकाच वेळी पाळू शकत नाही.

पण गणितापेक्षा मोठी अडचण राजकारणाची. मोजणी बदलायचा अधिकार असतो तो जुन्या मोजणीवर निवडून आलेल्यांकडे. आपलंच नुकसान होतंय असं दिसलं की ते हलतात. १९१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या स्वान पोटनिवडणुकीत मजूर पक्षविरोधी मतं फुटली आणि जेमतेम एक तृतीयांश मतांवर मजूर पक्षाचा उमेदवार निवडून आला. सत्ताधाऱ्यांनी त्याच वर्षी पसंतीक्रमाचा कायदा केला: मतदाराने उमेदवारांना १, २, ३ असे क्रम द्यायचे आणि बाद झालेल्याची मतं पुढच्या पसंतीला जायची.

न्यूझीलंडचा मार्ग वेगळा. १९७८ आणि १९८१ मध्ये मजूर पक्षाला जास्त मतं मिळाली, जागा मात्र नॅशनल पक्षाला. १९८१ मध्येच सोशल क्रेडिट या छोट्या पक्षाला सुमारे २१ टक्के मतांवर अवघ्या २ जागा. असंतोष साचत गेला आणि १९९३ च्या सार्वमतात ५३.९ टक्के लोकांनी मिश्र प्रमाणशीर पद्धत, म्हणजे पक्षाला मतांच्या प्रमाणात जागा देणारी पद्धत, निवडली. आयर्लंडमध्ये उलट घडलं: सत्ताधारी फियाना फॉलने १९५९ आणि १९६८ मध्ये पसंतीक्रमाची पद्धत मोडीत काढू पाहिली, लोकांनी दोन्ही वेळा नकार दिला. ब्रिटनमध्ये २०११ मध्ये पसंतीक्रमावर सार्वमत झालं आणि ६७.९ टक्के लोकांनी तो नाकारला. म्हणजे दोष दरवेळी पुढाऱ्यांचाच असतो, असंही नाही.

यंत्रांची कहाणी स्वतंत्र आहे, तिच्यात फार शिरत नाही. भारतात २००४ ची लोकसभा निवडणूक सगळीकडे यंत्रांवर झाली, पण पुढे त्याच यंत्रांना व्हीव्हीपॅटची कागदी चिठ्ठी जोडावी लागली. जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००९ मध्ये तिथल्या यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरवला, कारण खास ज्ञान नसलेल्या नागरिकालाही मोजणी पडताळता आली पाहिजे.

पुढाऱ्यांकडे परत यायचं तर कॅनडा आहेच. जस्टिन ट्रूडो यांनी २०१५ ची निवडणूक जुन्या पद्धतीची शेवटची असेल, असं आश्वासन दिलं होतं. ३९.५ टक्के मतांवर त्यांच्या पक्षाला ३३८ पैकी १८४ जागा मिळाल्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये ते आश्वासन सोडून देण्यात आलं. २०१९ आणि २०२१ मध्ये त्यांच्या पक्षाला विरोधी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षापेक्षा कमी मतं पडली, आणि दोन्ही वेळा सरकार त्यांचंच आलं.