कीबोर्डची ओळख आणि कन्सोलची निवड

संगणक सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम जिथे संदेश दाखवते आणि जिथून आज्ञा घेते, त्याला कन्सोल म्हणतात. साध्या पीसीवर हे काम स्क्रीन आणि कीबोर्ड करतात. सर्व्हरला बहुधा दोन्ही नसतात. तिथे सिरियल पोर्टला (एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जोडणीला) जोडलेले टर्मिनल, म्हणजे वेगळा स्क्रीन-कीबोर्ड, वापरतात. काही प्रणाली कीबोर्ड सापडतो की नाही, यावरूनच कन्सोल ठरवतात.

पीएस/२ या जुन्या गोल जोडणीचा कीबोर्ड ओळखणे सोपे असते. ८०४२ या कीबोर्ड सांभाळणाऱ्या कंट्रोलरमार्फत त्याला 'एफएफ' हा रीसेट कोड जातो. कीबोर्ड 'एफए' पाठवून पोच देतो आणि स्वतःची चाचणी नीट झाली की 'एए' कळवतो. यूएसबीत मात्र आधी संगणकातला यूएसबी सांभाळणारा होस्ट कंट्रोलर चालू व्हावा लागतो, मग हबमागची उपकरणे एकेक करून तपासली जातात. क्लास ३, सबक्लास १, प्रोटोकॉल १ अशी नोंद सापडली, की तो बूट कीबोर्ड. दाबलेल्या कळा तो ८ बाइटांच्या ठरलेल्या साच्यात कळवू शकतो, त्यामुळे फर्मवेअरला (यंत्रातच साठवलेल्या, संगणक चालू होताच धावणाऱ्या प्रोग्रामला) छोटा ड्रायव्हरही पुरतो.

खरी अडचण पुढे येते. फर्मवेअरने ओळखलेला कीबोर्ड कर्नेलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, नव्याने शोधावा लागतो. लिनक्सच्या इनिटरॅमएफएसमध्ये (बूट होताना मेमरीत उघडणाऱ्या तात्पुरत्या फाइल सिस्टिममध्ये) यूएसबी कीबोर्डचे मॉड्यूल नसेल, तर कूटबद्ध डिस्कचा पासवर्ड विचारला जातो, पण एकही अक्षर उमटत नाही. आणि बूट मेनूत तोच कीबोर्ड क्षणापूर्वी चालत होता!

सनच्या स्पार्क यंत्रांत कीबोर्ड जोडलेला नसेल, तर ओपनबूट हे त्यांचे फर्मवेअर आपोआप पहिल्या सिरियल पोर्टवर जाते. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या बूट ब्लॉकमध्ये (तिला सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये) 'पी' पर्याय दिला तर असेच होते. पण १०१ पेक्षा कमी कळांचा, एफ११ आणि एफ१२ नसलेला कीबोर्ड या बूट ब्लॉकच्या नजरेतून सुटू शकतो. मग कीबोर्ड समोर असूनही संदेश सिरियलवर जातात. म्हणूनच दूरच्या सर्व्हरवर कन्सोल अंदाजावर न सोडता नेमून द्यावा.

लिनक्समध्ये त्यासाठी कर्नेलला 'कन्सोल' हा पॅरामीटर देतात. तो दिला नाही, तर पीसीवर आधी व्हीजीए (स्क्रीनचे कार्ड) आणि मग सिरियल पोर्ट पाहिला जातो. हा पॅरामीटर अनेकदा देता येतो: कर्नेलचे संदेश नेमलेल्या स्क्रीनवर आणि सिरियलवर दोन्हीकडे दिसतात, पण मुख्य कन्सोल शेवटी लिहिलेला ठरतो. बूट बिघडल्यावर दुरुस्तीचा शेल (आज्ञा टाइप करण्याची जागा) तिथेच उघडतो, त्यामुळे हाताशी असलेला कन्सोल शेवटी लिहावा.