स्टार्टरमधला ‘ओव्हरलोड’: एका वाकणाऱ्या पट्टीची पार्श्वभूमी

‘ओव्हरलोड काढून टाका, डायरेक्ट करा, मग बघू कशी पडती मोटार.’ परभणी, हिंगोली, जालना, बीड, कुठल्याही शिवारात विहिरीवर चार माणसं जमली की त्यातल्या एकाचा तरी हा सल्ला असतोच. जी वस्तू काढून टाकायची ती, म्हणजे पंपाच्या स्टार्टरमधली ओव्हरलोड रिले, मुठीत मावेल एवढी असते. काळा ठोकळा, त्यावर ॲम्पिअरचे आकडे लिहिलेली फिरती चकती आणि शेजारी रिसेटचं बटण. ठोकळा उघडला की आत तीन पट्ट्या उभ्या दिसतात, तीन फेजच्या तीन. प्रत्येकीभोवती तारेचे वेढे. मोटारीचा करंट या वेढ्यांतून जातो, वेढे तापतात, पट्टी वाकते आणि वाकताना प्लास्टिकच्या एका सरकत्या दांडीला ढकलते. दांडी नखाएवढा एक संपर्क उघडते, स्टार्टरची कॉइल सुटते. खट्. मोटार बंद.

ही पट्टी म्हणजे दोन धातू एकमेकांना चिकटवलेली जोडपट्टी. पितळ आणि लोखंडाची जोडपट्टी दिव्यावर धरली की वाकते, हे शाळेत सगळ्यांनी पाहिलेलं आहे, ते इथे परत सांगत नाही. आकडा तेवढा लक्षात असावा: एक मीटर पितळ १०० अंशांनी तापलं की साधारण १.९ मिलिमीटर वाढतं, लोखंड १.२. सुटं असताना हा फरक डोळ्यांना दिसतही नाही. दोन्ही एकमेकांना पक्के जखडले की तोच फरक वाक होऊन बाहेर पडतो.

ही युक्ती मुळात घड्याळासाठी निघाली. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या एका सुताराने जहाजावर चालेल असं घड्याळ करायचा ध्यास घेतला होता. उन्हात स्प्रिंग सैल पडायची, थंडीत ताठ व्हायची आणि वेळ चुकायची. १७४० पासून सुमारे १९ वर्षं तो ज्या एकाच घड्याळावर खपला, त्यात ही जोडपट्टी पहिल्यांदा आली. ते घड्याळ काही बक्षिसाला पात्र ठरलं नाही, पट्टी मात्र टिकली. १८३० मध्ये स्कॉटलंडच्या एका रसायनतज्ज्ञाने हीच पट्टी उष्णता आवरायला वापरून पेटंट घेतलं. पुढे १८९६ मध्ये ३६ टक्के निकेल असलेलं, तापूनही जवळजवळ न वाढणारं पोलाद सापडलं, त्याच्या शोधकाला १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. असा न वाढणारा जोडीदार मिळाल्यावर पट्टी लहान आणि नेमकी करणं सोपं झालं. पट्टी मराठवाड्यात आली ती या सगळ्यानंतर, विजेच्या खांबांबरोबर.

घरात ती कितीतरी ठिकाणी बसलेली आहे. इस्त्री तापली की होणारा टक् आवाज तिचाच. फ्रीजच्या कॉम्प्रेसरला चिकटलेलं बटणाएवढं संरक्षण, भिंतीवरची एमसीबी, गणपतीच्या जुन्या माळेतला तो एक वेगळा बल्ब, जो उघडझाप करून आख्ख्या माळेला नाचवायचा, सगळीकडे हीच. ट्यूबलाइटचा जळका स्टार्टर फोडून पाहिला नाही असं पोर माझ्या पिढीत विरळाच. ॲल्युमिनियमच्या डबीत काचेचा इवलासा फुगा, त्यात चिमट्यासारखी पट्टी आणि बाजूला चपटा कंडेन्सर. फुग्यातल्या वायूत ठिणगी तेवली की पट्टी तापून टेकायची, वायू विझायचा, पट्टी निवून सुटायची आणि सुटताना चोक जो झटका द्यायचा त्याने ट्यूब लागायची. संध्याकाळी सात वाजता गावभर दिवे लागले की व्होल्टेज कोसळायचं, ट्यूब काही धरायची नाही आणि ती पट्टी बिचारी टेकत-सुटत राहायची. त्याला आम्ही ट्यूब फडफडते म्हणायचो. दोष ट्यूबचाही नव्हता, स्टार्टरचाही नव्हता.

खरा गोंधळ शेतावर झाला, आणि तो एका शब्दाने केला. रिलेवर इंग्रजीत ‘ओव्हरलोड’ छापलेलं, म्हणून ती वस्तू म्हणजेच ओव्हरलोड. ‘ओव्हरलोड खराब झाला’, ‘ओव्हरलोड बदलला’, ‘ओव्हरलोड घ्यायला गेलो’ ही वाक्यं दुकानात रोज चालतात. त्याच वेळी ‘मोटार ओव्हरलोड झाली’ असंही म्हणतात. रोगाला आणि राखणदाराला एकच नाव. त्यामुळे रिले पडली, म्हणजे तिने मोटार बंद केली, की दोन अर्थ निघतात: मोटारीवर जास्त बोजा आला, किंवा हा ठोकळा बिघडला. शेतकरी म्हणतो, ‘पंप तोच, पाईप तोच, पाणी तेवढंच, मग लोड वाढला कुठून?’ त्याचं म्हणणं बरोबर असतं. पहिला अर्थ गळतो, मग उरतो दुसरा, आणि ठोकळा उपटला जातो.

तिसरी शक्यता या शब्दात मावतच नाही. पट्टीला लोड कळत नाही, तिला ताप कळतो. पाच एचपीची मोटार ४१५ व्होल्टवर साधारण साडेसात ॲम्पिअर घेते. लाईनच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज ३४० वर आलं की तेवढंच पाणी काढायला ती नऊच्या आसपास घेते. साडेसातवर लावलेली रिले नऊ ॲम्पिअरला लगेच पडत नाही. १.२ पट करंटला दोन तासांच्या आत तिने पडावं, असा नियम आहे. म्हणून मोटार सकाळी नीट सुरू होते, माणूस दारं धरायला जातो आणि तासा-दीड तासाने पाणी तुटतं. परत येऊन हिरवं बटण दाबावं तर काहीच होत नाही, कारण पट्टी अजून निवलेली नसते. दोन-चार मिनिटं थांबलं तर चालू होते, पण तोवर बटणावर राग निघालेला असतो.

त्यात आपला उन्हाळा. साध्या रिलेचा हिशेब साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेचा. हवेचा ताप वजा करायला आत आणखी एक पट्टी असते, पण तिचीही हद्द आहे. मे महिन्यात परभणीत सावलीतच पारा ४३-४४ ला जातो. बांधावरच्या पत्र्याच्या पेटीत काय होत असेल, ते पेटीला हात लावणाऱ्यालाच विचारावं. दुसरी भानगड मोटारीवरच्या एचपी लिहिलेल्या पाटीची. पाटी पाच एचपीची आणि आत भरलेली तार साडेसातची, अशा मोटारी कमी नाहीत, कारण बिल एचपीवर यायचं. रिले पाटीप्रमाणे लावली की पडणारच. इथे मात्र दोष आपला आहे, तो व्होल्टेजवर ढकलू नये.

रिले उपटली नाही तरी तिला गप्प करायचे मार्ग सापडले. चकती शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवायची. संपर्कात काडी खोचायची. आणि सगळ्यात वादाचा मार्ग, ‘ऑटो’.

भारनियमनाच्या वर्षांपासून शेतीला थ्री फेज लाईट पाळीने मिळू लागली, कधी दिवसा, कधी मध्यरात्रीनंतर. गावाला दिव्यापुरती सिंगल फेज राहायची, आणि कंडेन्सर लावून त्यावरही मोटारी ओढल्या गेल्या. रात्री दोनला लाईट येणार म्हणून विंचवा-सापाच्या वाटेने विहिरीवर कोण जाणार? म्हणून शेतकऱ्यांनी ऑटो स्विच बसवले. लाईट आली की मोटार आपोआप चालू. वीज कंपनीचा आक्षेप असा की लाईट येताच डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी एकदम उठतात, उठताना मोटार सहापट करंट ओढते आणि डीपी जळते. आक्षेप खरा आहे. ‘ऑटो काढा, कॅपॅसिटर बसवा’ हे आवाहन दर हंगामात होतं. पण ऑटो आला तो पाळीमुळे, आणि पाळी काही शेतकऱ्याने ठरवली नव्हती. आवाहनात हे वाक्य कधीच नसतं. प्रत्येक ऑटोला वेगवेगळा उशीर लावून दिला असता तरी मोटारी एकापाठोपाठ उठल्या असत्या.

पट्टीचं नुकसान याच ठिकाणी झालं. बऱ्याच रिलेंना हाताने रिसेट किंवा आपोआप रिसेट अशी निवड असते. ती आपोआपवर आणि वरून ऑटो स्विच, असं जमलं की एक फेज गेलेली मोटार घूं करते, पट्टी तापून तिला पाडते, पट्टी निवते आणि ऑटो तिला परत उठवतो. पहाटेपर्यंत असं दहा-वीस वेळा. सकाळी वाइंडिंगचा काळा वास. मोटार भरायला तालुक्याला जाते आणि बोल लागतो तो ‘ओव्हरलोडने काम केलं नाही’ असा. त्याने तर रात्रभर तेवढंच केलेलं असतं.

बोअर आटण्यापुढे मात्र पट्टीचा इलाजच नाही. आपल्याकडे पाणी संपल्यानेही मोटारी जळतात. पाणी तुटलं की सबमर्सिबलचा करंट वाढत नाही, उलट उतरतो, आणि आत ती कोरडी तापत राहते. वर पेटीतली पट्टी थंडगार. मोटार दोनशे-तीनशे फूट खाली, पट्टी वर बांधावर. तो ताप तिच्यापर्यंत पोचणार कसा? त्यासाठी वेगळं ड्राय रनचं, म्हणजे कोरडी चाललेली मोटार ओळखून बंद करणारं, यंत्र लागतं, आणि ते बसवलेले स्टार्टर अजूनही थोडेच.

२०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल माफ झालं, तेव्हा पाटी लहान ठेवण्याचं जुनं कारण गेलं. साडेसातच्या आत राहायचं नवं आलं. सौर पंपही शिवारात दिसू लागले. त्यांच्या कंट्रोलरमध्ये पट्टी नाही, करंट मोजणारी चिप आहे, ती कोरडी मोटारही ओळखते. पण पडद्यावर एररचा आकडा आला की विहिरीवरून फोन येतो तो जुन्याच शब्दात: ‘दादा, ओव्हरलोड दाखवतंय.’