हेड कोच आणि अ‍ॅथलेटिक डायरेक्टर

अमेरिकी विद्यापीठांतल्या ‘अ‍ॅथलेटिक डायरेक्टर’ या पदाला मराठीत कुणी ‘मुख्य प्रशिक्षक’ म्हणतो, तर कुणी आपल्या महाविद्यालयातल्या शारीरिक शिक्षण संचालकाच्या खुर्चीत त्याला बसवतो. दोन्ही वाचून मला सारखाच वैताग येतो. हेड कोच काय करतो, हे वेगळे सांगायला नको: खेळाडू निवडणे, सराव घेणे, डावपेच आखणे आणि हरल्यावर शिव्या खाणे. (पुढचे उदाहरण फुटबॉलचे आहे; तिथला फुटबॉल लंबगोल चेंडूचा असतो आणि बहुतांशी हातानेच खेळला जातो, एवढी नोंद पुरे.)

घोटाळा होतो तो दुसऱ्या पदाबाबत. आपला शारीरिक शिक्षण संचालक अनेकदा सकाळी शिट्टी घेऊन कबड्डीच्या मैदानावर उभा असतो आणि दुपारी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे अर्ज भरतो. तिकडच्या डायरेक्टरकडे मात्र विद्यापीठाच्या सगळ्या खेळांचा जमाखर्च, स्टेडियम, देणगीदार, १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यानुसार मुलींना द्यायच्या समान संधी आणि प्रशिक्षकांच्या नेमणुका असतात. सामना चालू असताना चाल कोणती खेळायची, हे तो सांगत नाही.

नेब्रास्का विद्यापीठाच्या टॉम ऑस्बर्न यांनी ही दोन्ही पदे वेगवेगळ्या काळात भूषवली. १९७३ ते १९९७ ते तिथल्या फुटबॉल संघाचे हेड कोच होते. २५५ विजय आणि तीन राष्ट्रीय विजेतेपदे त्यांच्या नावावर आहेत. २ जानेवारी १९८४ रोजी ‘ऑरेंज बोल’ या मोसमाअखेरच्या मानाच्या सामन्यात मायामी विद्यापीठाविरुद्ध शेवटच्या मिनिटात नेब्रास्काने चेंडू गोलरेषेपार नेला आणि मायामीची आघाडी ३१-३० अशी एका गुणावर आली, तेव्हा त्यानंतर मिळणाऱ्या जादा संधीत एका गुणाची सोपी किक मारून बरोबरी साधता आली असती आणि राष्ट्रीय विजेतेपदही बहुधा मिळाले असते. ऑस्बर्न यांनी विजयासाठी दोन गुणांची चाल खेळली, पास हुकला आणि सामना गेला. प्रशिक्षकाचा निर्णय हा असा असतो: काही सेकंदांत घेतलेला आणि लगेच फळ दाखवणारा.

पुढे तीन वेळा अमेरिकी काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, सदस्य राहून २००७ मध्ये ते डायरेक्टर म्हणून परतले. त्याच वर्षी त्यांनी प्रशिक्षक बिल कॅलहन यांना काढून बो पेलिनी यांना नेमले, आणि २०१० मध्ये विद्यापीठाचे प्रमुख हार्वी पर्लमन यांच्यासह आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा ‘बिग १२’ हा गट सोडून ‘बिग टेन’ या तशाच दुसऱ्या गटात जाण्याचा निर्णय तडीस नेला. या निर्णयाचे बरेवाईट परिणाम ऑस्बर्न निवृत्त झाल्यावरही विद्यापीठ भोगत राहिले.

डायरेक्टरपद म्हणजे कोचची बढती, असे लिहिणाऱ्यांनी पगारही पाहावेत: मोठ्या विद्यापीठांत फुटबॉल प्रशिक्षक आपल्या साहेबापेक्षा बहुधा कितीतरी जास्त कमावतो. माझ्या मते ‘क्रीडा विभागप्रमुख’ हा शब्द वापरावा.

गोंधळाला जुन्या काळाचाही थोडा हातभार आहे. ऑस्बर्न यांचे पूर्वसुरी बॉब डेव्हेनी १९६७ ते १९७२ या काळात एकाच वेळी दोन्ही पदांवर होते, म्हणजे संघ हरला की जाब विचारणारे आणि जाब देणारे तेच.