चुण्यांचा स्कर्ट

चुण्यांचा स्कर्ट म्हणजे सरळ आयताकृती कापडाची वरची कड दोऱ्याने ओढून कंबरेच्या मापात बसवलेला घेरदार स्कर्ट. यात कळ्या (तिरके कापलेले तुकडे) नाहीत, डार्ट (मापात बसवायला घेतलेल्या चिमट्या) नाहीत, गोल कटिंग नाही, कागदी पॅटर्नसुद्धा लागत नाही. गॅदर्ड स्कर्ट म्हणतात तो हाच, आणि डर्न्डल स्कर्ट हे त्याचं दुसरं नाव ऑस्ट्रिया-बव्हेरियाकडच्या आल्प्समधल्या बायकांच्या पारंपरिक पोशाखावरून आलंय. १९४७ मध्ये ख्रिश्चन डिओरने पॅरिसमध्ये बारीक कंबर आणि भरपूर घेराचे कपडे आणले, त्यानंतर १९५० च्या दशकात घेरदार स्कर्टची चांगलीच चलती होती.

एखादं प्रिंट फार आवडलं म्हणून कापड घेतलं आणि कात्री लावायचा धीर होत नाही म्हणून ते वर्षानुवर्षं कपाटात पडून आहे, अशा कापडासाठी हा स्कर्ट बरा, कारण कापड सगळ्यात कमी कापलं जातं. पण गंमत अशी की ज्या प्रिंटसाठी हा खटाटोप तेच चुण्यांच्या घड्यांत अर्धंअधिक लपतं. बारीक फुलं, ठिपके, छोटी पानं असली की काही फरक पडत नाही, पण वीतभर मोठं फूल असेल तर कंबरेजवळ त्याचे नुसते रंगाचे पट्टे दिसतात आणि अख्खं फूल दिसतं ते खाली घेराशी. म्हणून कापायच्या आधी कापडाची एक कड बोटांनी चुणून मुठीत धरायची, बाकीचं खाली सोडायचं आणि आरशासमोर कंबरेला लावून बघायचं. कापड फुग्यासारखं उभं राहत असेल तर ते पडद्याला ठेवा. लॉन, केम्ब्रिक, व्हॉइल, रेयॉन, मऊ पॉपलिन ही कापडं छान पडतात.

प्रिंटला दिशा आहे का हेही बघायचं. झाडं, पक्षी, घरं एकाच बाजूला डोकी करून असतील तर दोन्ही पॅनल, म्हणजे पुढचा आणि मागचा तुकडा, त्याच दिशेने कापायला हवेत. मी एकदा पुढचे पक्षी उडते आणि मागचे उलटे लटकलेले असा स्कर्ट शिवलाय आणि कळलं कधी तर खालची पट्टी घालून झाल्यावर. बॉर्डर प्रिंट असेल तर कापड आडवं वापरायचं म्हणजे बॉर्डर आपोआप खाली येते आणि मागे एकच जोड पुरतो, फक्त मग उंचीला पन्ह्याची, म्हणजे कापडाच्या रुंदीची, मर्यादा पडते. आणि छापील चेक्स नेहमी कापडाच्या विणीच्या धाग्याला सरळ असतातच असं नाही, थोडे तिरके छापले गेले असतील तर धागा विसरून छाप्याप्रमाणे कापायचं, नाहीतर डोळ्याला स्कर्टच वाकडा दिसतो.

घेर साधारण कंबरेच्या दुप्पट घेतात. जाड कापडाला दीडपट पुरे, पातळ व्हॉइलला तिप्पटही चालतो. कंबर २८ इंच, तयार उंची २६ इंच आणि पन्हा ४४ इंच धरला तर शिलाई-दुमड धरून २८-२८ इंच उंचीचे दोन पॅनल आणि कंबरेच्या पट्ट्यासाठी ४ इंचांची एक पट्टी असं ६० इंच कापड लागतं, पण सुती कापड धुतल्यावर आटतं आणि आधी धुऊन मगच कापायचं असतं, तेव्हा पावणेदोन मीटर घ्यावं. असे दोन अख्खे पॅनल जोडले की शिलाईचं मार्जिन जाऊन घेर ८६ इंच म्हणजे तिपटीच्या आसपास होतो, एवढा नको असेल तर दोन्ही पॅनल रुंदीला कमी करायचे.

खरं काम चुण्यांचं. मशीनचा टाका सगळ्यात मोठा म्हणजे ४-५ मिमीचा ठेवून, वरचं टेन्शन जरा सैल करून, अर्ध्या इंचाच्या मार्जिनमध्येच दोन समांतर शिलाया मारायच्या, टोकांना उलट टाका न घेता दोरे लांब सोडायचे, आणि पुढचा-मागचा भाग वेगवेगळा घ्यायचा कारण एकाच लांब शिलाईचा दोरा ओढताना हमखास तुटतो. बॉबिनला (मशीनच्या खालच्या रिळाला) वेगळ्या रंगाचा दोरा भरला तर ओढायचा कुठला हे शोधत बसावं लागत नाही. एक शिलाई पुरते असं वाटतं, पण एकीवर चुण्या फिरतात, वेड्यावाकड्या पडतात, दुसरी त्यांना उभं धरते. पट्टा आणि घेर दोन्हींचे चार सारखे भाग करून खुणा जुळवून टाचण्या लावायच्या, मग बॉबिनचे दोन्ही दोरे एकदम हळूहळू ओढायचे आणि चुण्या बोटांनी सरकवत सारख्या करायच्या. शिवताना चुण्यांची बाजू वर ठेवायची, म्हणजे एखादी घडी दुमडून अडकत असेल तर दिसते.

बाजूच्या शिलाईत ७ इंचांची चेन बसते. चेन नको असेल तर नेफा करून इलॅस्टिक ओवायचं, फक्त वरचा घेर सीटवरून (नितंबांवरून) जाईल एवढा हवा आणि नेफा इलॅस्टिकपेक्षा पाव इंच रुंद. इस्त्री चुण्यांवर दाबून फिरवायची नाही, नुसतं टोक खालून आत घालायचं. खालची पट्टी दुहेरी दुमडून शिवली की झालं, कापड सरळ धाग्यावर असल्यामुळे गोल स्कर्टसारखं ते लोंबून खालीवर होत नाही.

पुढे कधी हा स्कर्ट नकोसा झाला तर उसवून दोन्ही आयत जवळजवळ अख्खे परत मिळतात, फक्त वर सुईची बारीक भोकं आणि खाली दुमडीच्या जागी न विटलेल्या रंगाचा एक पट्टा तेवढा राहतो.