डेवऑप्स म्हणजे वेगळी टीम? नाही हो

"डेवऑप्स टीम बनवली, जेन्किन्स (कोड आपोआप तपासून पुढे पाठवणारं टूल) लावलं, झालं काम" हा समज इतकी वर्षं फिरतोय की मोठ्या कंपन्यांतही लोक तेच धरून चालतात, पण ते चूक आहे; डेवऑप्स म्हणजे कोड लिहिणारे (डेव्हलपर) आणि तो सर्व्हरवर चालता ठेवणारे (ऑपरेशन्स, म्हणजे ऑप्स) यांनी मिळून काम करणं. २००९ मध्ये फ्लिकर या फोटो शेअरिंग साइटच्या जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी व्हेलॉसिटी कॉन्फरन्समध्ये सांगितलं की ते दिवसाला १० पेक्षा जास्त वेळा डिप्लॉय करतात (नवा कोड लाइव्ह करतात), आणि त्यात टूल्सइतकाच भर डेव्हलपर आणि ऑपरेशन्सवाल्यांच्या एकमेकांवरच्या विश्वासावर होता. त्याच वर्षी बेल्जियममध्ये गेंटला पॅट्रिक डेबोआ यांनी पहिलं डेवऑप्सडेज हे संमेलन घेतलं, नाव तिथून रुळलं. म्हणजे मुळात या दोघांमधली भिंत पाडायची होती, आणि आपण मध्ये तिसरी टीम बसवून एकाच्या दोन भिंती करतो!

एंटरप्राइज क्लाउडमध्ये, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या क्लाउडवर, हे फार नडतं. डेव्हलपर म्हणतो माझ्या मशीनवर चालतंय, ऑप्सवाला म्हणतो मला कोणी सांगितलंच नाही, सिक्युरिटीला शेवटच्या दिवशी कळतं. त्यापेक्षा इन्फ्रास्ट्रक्चर (सर्व्हर, नेटवर्क वगैरे) टेराफॉर्ममध्ये (ते कोडसारखं लिहायचं टूल) लिहून गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) ठेवा, फायरवॉलचा नियम बदलायचा तरी पुल रिक्वेस्ट (बदल तपासायला मांडायची विनंती) टाका, मग तिघंही तिथेच बघतात, तिथेच बोलतात, आणि कोणी काय का बदललं हे सहा महिन्यांनीही सापडतं. कोड लिहिणाऱ्यानेही ऑन-कॉल (बिघाड झाला की कधीही धावायची पाळी) घ्यावा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण रात्री अलर्टला स्वतः उठलेला माणूस लॉग (प्रोग्रॅम काय करतोय याच्या नोंदी) नीट लिहायला लागतो.

प्लॅटफॉर्म टीम (सगळ्यांना लागणारी टूल्स सांभाळणारी) असायला हरकत नाही, पण तिने बाकीच्यांना स्वतः डिप्लॉय करता येईल अशी सोय करून द्यावी, तिकिटं (कामाच्या विनंत्या) घेऊन त्यांच्यासाठी डिप्लॉय करत बसू नये.